रोग्याचा प्रश्न आणि वैद्याचे सत्य

चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे आणि निर्भयता यांच्या जोडीला ज्ञापकत्व येते, म्हणजे आपल्याला काय होते आहे ते वैद्याला नीट सांगता येणे. रोग्याने मुकाट्याने तपासून घ्यावे, बाकीचे वैद्य बघून घेईल, ही समजूत किमान या ग्रंथाची तरी नाही. याच ग्रंथाच्या विमानस्थानात दुसऱ्या बाजूची अट येते: जो ज्ञानाचा दिवा घेऊन रोग्याच्या अंतरात्म्यात शिरत नाही, त्याच्या हातून चिकित्सा होत नाही. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, हा उपचाराचाच भाग मानलेला आहे. तो वैद्याच्या सौजन्यावर सोडलेला नाही.

व्यवहारात हा पाय सर्वांत लंगडा असतो. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी दवाखान्यातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा रोगी बोलू लागल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात असे आढळले. 2017 साली 67 देशांतील अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील प्राथमिक तपासणीला रोग्यामागे सुमारे दोन मिनिटे मिळतात असे दिसले. सरकारी ओपीडीबाहेर केसपेपर हातात धरून सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

मात्र वेळ वाढवून मिळाला तरी सुटणार नाही असा एक प्रश्न या संवादाच्या मुळाशी आहे आणि तो वैद्यकाचा कमी, धर्मविचाराचा आणि नीतिशास्त्राचा जास्त आहे. रोगी वैद्याला सांगतो तो त्याचा अनुभव. वैद्य रोग्याला सांगतो ते त्याचे भवितव्य. ते भवितव्य वाईट असेल तर सांगायचे का? आणि सांगायचे तर कोणाला?

चरकाने याचे उत्तर टाळलेले नाही. इंद्रियस्थान हा भागच मुळी मरणसूचक लक्षणांना वाहिलेला आहे. त्याच्या शेवटच्या, बाराव्या अध्यायात वैद्याने ही लक्षणे पाहिल्यावर काय बोलावे याचा नियम येतो. मृत्यू जवळ आलेला दिसत असला तरी न विचारता तो सांगू नये. विचारले तरीही, सांगण्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला आघात होणार असेल तर सांगू नये. विमानस्थानात शिष्याला द्यायच्या उपदेशातही याच अर्थाची सूचना आहे. रोग्यापासून सत्य लपवण्याला परंपरेचा आधार आहे असे जे म्हणतात, त्यांचा हा सर्वांत भक्कम आधार.

पण तो पुरता वाचला तर त्यात दोन गोष्टी सापडतात आणि एरवी त्या दोन्ही गाळल्या जातात. पहिली अशी की हा नियम विचारलेले आणि न विचारलेले यांत फरक करतो. न विचारता सांगू नये हा सरसकट निर्बंध आहे. विचारल्यावर न सांगणे हा अपवाद आहे, त्याला आघाताची अट आहे आणि ती अट पुरी होते की नाही हे वैद्याने त्या रोग्याकडे पाहून ठरवायचे आहे. दुसरी गोष्ट त्याच्या लगेच पुढे येते. वैद्याने मरणाची वाच्यता करू नये, आणि ज्याच्या ठायी विनाशाची चिन्हे स्पष्ट दिसतात त्याची चिकित्सा करण्याची इच्छाही धरू नये. म्हणजे मौनाला किंमत आहे: जो गप्प राहतो त्याने निष्फळ उपचार विकायचे नाहीत. आजच्या रुग्णालयांत यातला पहिला अर्धा भाग परंपरा म्हणून पाळला जातो. दुसरा अर्धा पाळायचा तर अतिदक्षता विभागातल्या किती खाटा रिकाम्या होतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

वैद्यकाबाहेर सत्याचा विचार भारतीय परंपरेत एकसुरी नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातले, शाळेच्या सुभाषितमालेत हटकून येणारे वचन सत्य बोलावे, प्रिय बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये असे सांगते. आणि प्रिय असत्यही बोलू नये असेही लगेच बजावते. वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरला याने फार तर गप्प बसता येईल. ‘काही नाही, थोडे इन्फेक्शन आहे’ असे म्हणता येणार नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे येतात. तेथे बोलणे उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे अशी अपेक्षा आहे. चारही एकत्र जमली तर उत्तमच. न जमली तर कोणते सोडायचे, याचा क्रम मात्र तेथे लावून दिलेला नाही.

तो क्रम पाली मज्झिमनिकायातल्या अभयराजकुमार सुत्तात लागतो. तथागत दुसऱ्याला न आवडणारे शब्द बोलतात का, असा पेचात टाकणारा प्रश्न राजपुत्र अभय विचारतो. त्याच्या मांडीवर तान्हे मूल असते. बुद्ध त्यालाच विचारतात, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया येते, असे अभय सांगतो. त्यानंतर बुद्ध बोलण्याचे प्रकार वेगळे करतात. खोटे किंवा निरुपयोगी ते बोलायचे नाही, मग ते कोणाला कितीही आवडो. खरे आणि हितकर असेल ते बोलायचे, आवडते असो वा नावडते, पण त्याची वेळ ओळखून. इथे प्रियता ही कसोटीच उरत नाही. तिची जागा वेळ घेते. वैद्याच्या दृष्टीने मनूपेक्षा हा निकष कितीतरी वापरण्याजोगा आहे. सांगू की नको हा प्रश्न तो ‘आज सांगू की उद्या, एकदम की थोडे थोडे’ या प्रश्नात बदलतो, आणि त्याचे उत्तर रोग्याजवळ बसल्यावर मिळू शकते.

सत्य लपवण्याच्या बाजूने आणखी एक कथा पुढे केली जाते, ती कर्णपर्वातल्या कौशिकाची. सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाला दरोडेखोर विचारतात, पळून आलेली माणसे कुठे गेली? तो खरे सांगतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. श्रीकृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो ती, प्रतिज्ञा पाळण्यासाठी अर्जुन युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघालेला असताना. युरोपात 1797 साली इमान्युएल कांट या तत्त्ववेत्त्याने जवळजवळ हेच उदाहरण घेऊन नेमका उलटा निष्कर्ष काढला: दारात उभ्या असलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही, कारण सत्य हे साऱ्या मानवजातीचे देणे आहे. दोघांत कृष्णाचे म्हणणे माणसाच्या व्यवहाराला जवळचे वाटते. पण त्यावरून ‘जीव वाचत असेल तर खोटे चालते, मग रोग्याला खोटे सांगायला काय हरकत’ असे अनुमान काढणे ही घाई झाली. कौशिकाने दुसऱ्यांविषयीचे सत्य तिसऱ्याच्या हाती दिले, आणि त्या तिसऱ्याचा त्यावर काडीचाही हक्क नव्हता. रोगी विचारतो ते स्वतःच्या शरीराविषयी. कौशिकाशी साम्य शोधायचेच तर ते रोग्याला न विचारता त्याचा रिपोर्ट कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांना समजावून सांगणाऱ्या डॉक्टरमध्ये जास्त सापडेल.

हा कॉरिडॉर थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. राउंड संपवून डॉक्टर पुढच्या खाटेकडे निघतात तेव्हा मुलगा किंवा जावई मागोमाग जातो. दाराशी आवाज खाली येतो. ‘पसरलंय’, ‘तिसरी स्टेज’, ‘किती दिवस’ हे शब्द तिथे उच्चारले जातात. शेवटी विनंती होते, ‘आईला मात्र काही सांगू नका, ती खचेल.’ मग उशाजवळची फाइल नर्सच्या टेबलावर हलते. बायोप्सीच्या कागदाची घडी मुलाच्या खिशात जाते. केमोथेरपीचे ‘ताकदीचे सलाईन’ होते, रेडिएशनचा नुसता ‘शेक’ होतो. इकडे आई सारे पाहत असते. गेली कित्येक वर्षे लग्नाकार्यालाही न फिरकलेला भाऊ शहाळी घेऊन येतो. परदेशातली मुलगी सुट्टी नसताना येऊन राहते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस गेलेले असतात आणि सलाईन तेच असते. तिला कळायचे ते कळते. फक्त आपल्याला कळले आहे हे मुलांना कळू नये, याची काळजी आता तिला घ्यावी लागते.

ही रीत खास भारतीय कुटुंबव्यवस्थेतून आली असे मानण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात वैद्याच्या शिष्टाचारावर एक प्रकरण आहे. त्यात रोग्यापासून बहुतेक गोष्टी झाकून ठेवण्याचा सल्ला आहे. मँचेस्टरच्या टॉमस पर्सिव्हलने 1803 साली वैद्यकीय नीतीवर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या आधारे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1847 साली आपली संहिता केली. त्या संहितेनुसार धोक्याची सूचना रोग्याच्या आप्तमित्रांना वेळेवर द्यायची आणि अगदीच आवश्यक असेल तरच रोग्याला. कुटुंबाला दाराबाहेर बोलावून सांगण्याची पद्धत म्हणजे एके काळी पाश्चात्त्य वैद्यकाचा लेखी नियम होता. 1961 साली शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हाही दहातले जवळपास नऊ जण कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगणे पसंत करत होते. 1979 साली तशाच प्रश्नावलीला 97 टक्के अमेरिकन डॉक्टरांनी सांगण्याच्या बाजूने उत्तर दिले. अठरा वर्षांत एखाद्या समाजाची संस्कृती मुळापासून बदलत नाही. बदलले ते असे की उपचार सुधारले, संमतीचा कायदा कडक झाला आणि एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 सालच्या पुस्तकापासून मरणासन्न माणसांनाच त्यांचे काय म्हणणे आहे ते विचारायला सुरुवात झाली. भारतात असा बदल होणारच नाही, असे समजायला म्हणून फारसे कारण नाही.

भारतातला नियम अजून मधल्या पायरीवर उभा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारसंहितेत डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये असे म्हटले आहे. पण ते रोगी, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना माहीत असावे, अशी रचना ठेवली आहे. हा ‘किंवा’ फार सोयीचा आहे. कॉरिडॉरला त्याने कायद्याची खुर्ची मिळते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2008 साली संमतीच्या बाबतीत हा मार्ग बंद केला. दिल्लीतील एक अविवाहित स्त्री दुर्बिणीने तपासणी करून घेण्यासाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकण्यात आले. रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे, असा निर्णय झाला. आईचे प्रेम खरे असण्याविषयी कोणाला शंका नव्हती. प्रेमाने अधिकार मिळत नाही, एवढाच मुद्दा होता.

लपवण्याच्या बाजूचे खरे बलवान मुद्दे दोन आहेत आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आशेचा. वाईट अपेक्षेनेही शरीर बिघडते. औषधाचे दुष्परिणाम आधी ऐकलेल्यांना ते जास्त जाणवतात, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. पण याचा अर्थ बातमी सांगण्याची रीत बिघडली तर नुकसान होते, एवढाच होतो. शिवाय आशा ही फक्त बरे होण्याचीच असते असे नाही. वेदना आवरता येतील, नातीच्या साखरपुड्याला बसता येईल, घरी नेतील, ही आशा दुर्धर आजारातही उरते आणि ती खरी करणे उपशामक उपचारांच्या हातात असते. खोट्या आशेवर ठेवलेला रोगी नेमका या आशांना मुकतो, कारण त्या मागायच्या कधी हेच त्याला कळू दिलेले नसते.

दुसरा मुद्दा कुटुंबाचा. माणूस म्हणजे सुटा जीव नव्हे. घरातल्या मोठ्यांचे निर्णय मुले घेतात आणि मोठ्यांनाही ते हवे असते. हे खरेच आहे. पुष्कळ म्हातारी माणसे ‘मला काही सांगू नका, पोराला काय ते विचारा’ असे स्वतः सांगतात आणि त्यांचे ऐकलेच पाहिजे. न जाणण्याचा हक्क हाही हक्कच आहे. पण तो रोग्याने वापरायचा आहे. पोराने आईच्या वतीने तो वापरला, तर ते आईचे न जाणणे होत नाही, पोराचे न सांगणे होते. हा फरक ओळखायला डॉक्टरला एकच वाक्य पुरते: ‘तुमच्या तब्येतीबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की घरच्यांशी बोलू?’ हा प्रश्न रिपोर्ट येण्याआधी, पहिल्याच भेटीत विचारला तर त्यात कोणाला भीतीही दिसत नाही. चरकाचा विचारलेले आणि न विचारलेले हा भेद इथे कामाला येतो, फक्त एक दुरुस्ती करून: रोगी विचारत नाही म्हणून गप्प राहायचे असेल, तर आधी त्याला विचारता येईल अशी स्थिती हवी. सात जण खाटेभोवती उभे असताना, डॉक्टरचा हात दाराच्या कडीवर असताना कोणी काही विचारत नसते.

विचारता न येण्याची स्थिती रोग्याने स्वतः बोलून मोडल्याचे एक उदाहरण ज्ञानेश्वरीत आहे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन गोंधळलेला आहे. कर्म सोडायचे म्हणता आणि युद्धही करायला सांगता, हे कसे? ज्ञानेश्वर त्याच्या तोंडी वैद्याचा दृष्टांत घालतात. पथ्य सांगून गेलेल्या वैद्यानेच उद्या विष दिले तर रोग्याने जगायचे कसे? मग अर्जुन मागणी करतो की हे गूढ बोलणे पुरे, मला समजेल अशा मराठीत सांगा. रोग जिंकणारे औषध द्याच, पण ते गोड लागेल असे द्या. गीतेतल्या मूळ दोन श्लोकांत संभ्रमाची तक्रार आहे, पण वैद्य आणि औषध नाहीत. ती भर मराठी टीकाकाराची आहे. ऐकणाऱ्याची पात्रता कमी आहे असे म्हणून श्रीकृष्णाने विषय टाळलेला नाही. त्याने पुन्हा, दुसऱ्या शब्दांत सांगितले, आणि त्याला पुढे पंधरा अध्याय लागले.

आधुनिक वैद्यकशिक्षणात याची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत बसवली आहे. बेल, बकमन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेली सहा टप्प्यांची रीत सर्वांत प्रसिद्ध आहे. निवांत जागा शोधणे, रोग्याला आधीच काय माहीत आहे ते विचारणे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, मग सोप्या शब्दांत सांगणे, त्याच्या भावनेला जागा देणे आणि पुढची योजना ठरवणे असा तिचा क्रम आहे. सांगणे चौथ्या टप्प्यावर येते. त्याआधीचे दोन टप्पे नुसते विचारण्याचे आहेत. भारतातही 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. परीक्षेपुरती ही रीत पाठ होते. वॉर्डात ती वापरायला वरिष्ठांनी वापरलेली पाहावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही वरिष्ठ कॉरिडॉरमध्येच बोलत असतात.

मोठ्यांच्या बाबतीत जे अवघड, ते मुलांच्या बाबतीत अशक्य वाटते. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा 2004 साली प्रदर्शित झालेला चित्रपट याच जागेवर बोट ठेवतो. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांत कर्करोग आहे, शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. हे मुलाला आधी सांगितले पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह असतो आणि ते सांगायचे कोणी, यावर सगळे अडते. यातले डॉक्टर दुष्ट नाहीत आणि आजोबा अडाणी नाहीत. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून बाहेर पडतात आणि शहर दाखवत फिरतात. दृष्टी जाणार हे ठाऊक नसते, तर पाहण्यासाठी राखून ठेवलेला तो दिवसही मिळाला नसता. बातमीचा उपयोग असतो तो असा, आणि तोही बातमी वेळेत पोचली तरच.

बातमी वेळेत न पोचण्याची सर्वांत मोठी किंमत शेवटच्या टप्प्यावर दिसते. व्हेंटिलेटर लावायचा का, लावलेला काढायचा का, हा प्रश्न येतो तेव्हा रोगी बोलण्याच्या पलीकडे गेलेला असतो आणि त्याचे मत कोणालाच माहीत नसते. मुले एकमेकांकडे पाहतात. ‘नको’ म्हणण्याचा दोष कोणालाच आपल्या माथ्यावर नको असतो, म्हणून सगळे ‘करा’ म्हणतात. चरकाने मौनाबरोबर घातलेली अट इथे उलटी होते: बोलायचे नाही आणि उपचारही थांबवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निर्णयाने सज्ञान माणसाला याबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. त्यावर दोन साक्षीदार आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्या सह्या हव्यात, ही अट इतकी जाचक ठरली की असे दस्तऐवज फारसे होईनात. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सैल केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो करता येतो, आणि रुग्णालयातील डॉक्टरांच्या प्राथमिक मंडळाने आपले मत शक्यतो 48 तासांत द्यायचे असते. या कागदात स्वतःच्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे घालता येतात; म्हणजे कुटुंबाला जागा आहेच, पण ती रोग्याने नेमून दिलेली. असा कागद आधी निरोगीपणी करता येतो, तसा निदान झाल्यावरही करता येतो. फक्त दुसऱ्या वेळी निदान काय झाले ते त्याला माहीत असावे लागते. आणि रोगी शुद्धीवर असून स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर तो कागद फाइलमध्येच राहतो. तोपर्यंत डॉक्टरने विचारायचे ते खाटेवरच्या माणसाला.